प्रदर्शनात स्टॉल लावताय? आधी तोच नग वीस वेळा बनवून बघा

मागच्या वेळी बोलता बोलता मी लिहिलं होतं की आमचे तांब्याचे दिवे घेऊन मी आत्तापर्यंत नऊ डिझाइन प्रदर्शनांत स्टॉल लावलाय, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतल्या कारागिरांबरोबर मी काम करते, डिझाइन माझं आणि मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडवणं, त्यांचं. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते माझ्या अनुभवातलं आहे, तुमचा धंदा वेगळा असेल तर थोडं इकडेतिकडे करून घ्या.

प्रश्न : ताई, आमच्या घरात लाकडी फळं, खेळणी, रंगीत पाट बनवायचं काम आजोबांपासून आहे. मी डिझाइनचा कोर्स करून घरी परत आले आणि त्याच लाखेच्या कामात फ्रूट बोल, भिंतीवरचे हुक, मुलांच्या खोलीतले दिवे असं नवीन काही केलंय. ग्रेटर नोएडाच्या आयएचजीएफ या हस्तकलेच्या फेअरला स्टॉल घ्यावा असं मनात आहे. बाबा म्हणतात एवढे पैसे घालून चार-पाच दिवसांत विकलं काय जाणार? त्यांचं बरोबर आहे का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : अगं, बाबांची काळजी खरी आहे, पण ते ज्या विक्रीचा विचार करतायत ती तिथे होतच नाही. हे आधी नीट समजून घे कारण इथेच बहुतेकांची गफलत होते. मुंबईत काळा घोडा फेस्टिव्हलला जसा स्टॉल असतो, लोक येतात, वस्तू उचलतात, पैसे देतात, पिशवीत घालून नेतात, ते वेगळं. आयएचजीएफ हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषद भरवते, वर्षातून दोनदा, आणि तिथे येतो तो बायर, म्हणजे घाऊक माल घेणारा खरेदीदार. त्याला एक बोल नको असतो. तो तुझा बोल हातात घेतो, उलटा करून तळ बघतो, कडेवरून अंगठा फिरवतो आणि मग विचारतो, पाचशे घेतले तर भाव काय, कमीत कमी किती घ्यावे लागतील, किती दिवसांत देशील. एवढंच. या तीन प्रश्नांची उत्तरं तयार नसतील तर कितीही सुंदर काम असलं तरी तो बोल खाली ठेवून पुढच्या स्टॉलवर जातो, आणि त्याचं काही चुकत नाही कारण त्याला दिवसभरात शंभरेक स्टॉल बघायचे असतात.

माझं पहिलं मोठं ट्रेड प्रदर्शन, म्हणजे असंच घाऊक खरेदीचं, त्यात मला चाळीस दिव्यांची ऑर्डर मिळाली होती. आनंदाने रात्रभर झोप नाही. घरी आल्यावर काम चार कारागिरांत वाटलं आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की मठारकाम म्हणजे हाताची सही असते, प्रत्येकाचा ठोका वेगळा पडतो, कुणाचा खोल, कुणाचा दाट, कुणाचा पसरट. चाळीस दिवे एका ओळीत लावले तर चार घरांतून आल्यासारखे दिसत होते. बायरने सव्वीस घेतले, चौदा परत पाठवले. त्या कारागिरांची चूक अजिबात नव्हती, त्यांनी आपापल्या परीने उत्तमच काम केलं होतं. चूक माझी, कारण मी एकच नमुना दाखवून चाळीसचा शब्द दिला होता आणि चाळीस बनवून कधी बघितलेच नव्हते. चौदा दिव्यांची मजुरी मी दिलीच, पण मजुरीपेक्षा जास्त लागलं ते हे की त्यातल्या एका काकांनी मला विचारलं, माझं काम खराब होतं का गं?

म्हणून तुला माझं एकच सांगणं आहे, स्टॉलचे पैसे भरायच्या आधी तुझा तो फ्रूट बोल घरी वीस वेळा बनवून बघ. वीस, एकाच मापाचे, एकाच रंगाचे. प्रत्येकाला किती वेळ लागला ते वहीत लिही. पावसाळ्यात लाकूड किती दिवस वाळवावं लागतं, लेथवर एका दिवसात किती नग उतरतात, विसातले किती तडकले, किती रंगात गेले, सगळं. सावंतवाडीचा पाऊस तुला सांगायला नको, आणि बायरची तारीख पावसासाठी थांबत नाही. ही वही म्हणजेच तुझा भाव आणि तुझी तारीख. बाकी कॅटलॉग वगैरे नंतर.

भावाचं थोडं सांगते. लाकूड, लाख, मजुरी एवढंच धरून भाव काढू नकोस. वाया गेलेले नग, पॅकिंग, बंदरापर्यंतचा ट्रान्सपोर्ट, वीज, तुझा स्वतःचा वेळ, या सगळ्यानंतर तुझा नफा, तेव्हा कुठे तो घाऊक भाव होतो. दुकानदार त्यावर दुप्पट-अडीचपट लावून विकणार हे धरूनच चाल. तुझ्याच वेबसाइटवर तू घाऊक भावात विकत असशील तर कोणताही दुकानदार तुझ्याकडून माल घेणार नाही. आणि वहीतून जो भाव निघेल तो मोठा वाटला तर तो खाली ओढायला बाबांची मजुरी कापू नकोस, डिझाइन बदल. एक खाच कमी, एक रंग कमी, माप अर्धा इंच लहान, असं करत ये.

मुलांच्या वस्तू असतील तर युरोपातला बायर ईएन ७१ या खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकाची टेस्ट मागणार, रंगात काय आहे हे त्याला कागदावर लागतं. बोलमध्ये फळं ठेवणार म्हटल्यावर तिथेही विचारणार. आणि लाकूड कोणतं हे विचारतातच, तुम्ही आंबा, पांगारा वापरत असाल तर तसं स्पष्ट लिही, शिसम असेल तर कागदपत्रं वाढतात कारण २०१७ पासून शिसमवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत.

खर्चाचं म्हणशील तर नऊ चौरस मीटरचा म्हणजे तीन बाय तीनचा स्टॉल हा साधारण सगळीकडे सुरुवातीचा आकार असतो. भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा असतो हे लोक विसरतात. त्यात प्रवास, राहणं, माल नेणं-आणणं, जादा लाइट, जादा फर्निचर, हे सगळं मिळून भाड्याएवढंच परत होतं असा माझा तरी अनुभव आहे. त्या फेअरसाठी परिषदेचं सदस्यत्व आणि निर्यातीचा आयईसी (आयात-निर्यात कोड) नंबर लागतो, तो आधी काढून ठेव. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी केली नसेल तर आजच कर, फुकट आहे. एमएसएमई म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या सरकारी योजनांमधून स्टॉलच्या भाड्याला मदत मिळू शकते पण अर्ज प्रदर्शनाच्या आधी करायचा असतो आणि बहुतेक वेळा पैसे आधी आपल्याच खिशातून जातात, नंतर परत येतात.

आणि हो, पहिल्याच वर्षी स्टॉल घ्यायलाच हवा असं कुठे आहे? ओळखीतलं कुणी तिथे जात असेल तर त्यांच्या स्टॉलवर मदतीला जा. चार दिवस उभी राहा, बायर काय विचारतो ते ऐक. मी दुसऱ्या एका बाईंच्या स्टॉलवर असं राहिले होते, चहा आणण्यापासून ऑर्डर लिहिण्यापर्यंत सगळं केलं, आणि तिथे जे शिकले त्याची फी कुठल्या कोर्सला भरून मिळाली नसती. बाबांना पण घेऊन जा जमलं तर. एखाद्या परक्या माणसाने त्यांनी उतरवलेला बोल दोन्ही हातांनी धरलेला त्यांनी बघितला पाहिजे.

प्रश्न : स्टॉलवर नेण्याच्या सामानाची यादी द्याल का प्लीज? पहिलीच वेळ आहे.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : देते, पण आधी एक गोष्ट. तयार स्टॉल म्हणजे ॲल्युमिनियमच्या खांबांत बसवलेले पांढरे पॅनल असतात, साधारण अडीच मीटर उंच, त्यांना खिळे मारू देत नाहीत, भोक पाडलं तर दंड. त्यामुळे वरून टांगायला एस हुक, मासेमारीची नायलॉन दोरी आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप. मग एक्स्टेन्शन बोर्ड दोन (तयार स्टॉलला बऱ्याचदा एकच प्लग पॉइंट मिळतो), मेजर टेप, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, कटर, काळा मार्कर, सुतळी, झाडू आणि सुपली, कारण सुताराचा भुसा उद्घाटनाच्या सकाळपर्यंत उडत असतो, फडकी भरपूर, ऑर्डरची कार्बनवाली वही, स्टेपलर, पाण्याची मोठी बाटली, घरचे लाडू किंवा दशम्या कारण आतलं खाणं महाग असतं आणि स्टॉल सोडून जाता येत नाही, आणि पायात जुने सवयीचे बूट, नवीन चप्पल अजिबात नको. तांब्या-पितळेचं काम असेल तर सुती हातमोजे न्या. दिवसभरात शंभर लोक हात लावतात आणि संध्याकाळी बोटांचे ठसे काळे पडायला लागतात, रात्री हॉटेलवर चिंचेच्या कोळाने घासत बसावं लागतं, मी बसलेय.

स्टॉलचं पझेशन, म्हणजे ताबा, मिळतो त्या दिवशी सकाळी लवकर पोचा. एका प्रदर्शनात आमच्या स्टॉलला लाइटच दिलेले नव्हते, फॉर्म भरलेला, पैसे भरलेले, पावती माझ्या ईमेलमध्ये, आणि ऑफिसात कुणी ऐकेना. पावती छापून नेली नव्हती आणि आत मोबाइलला रेंज नव्हती. दिव्यांचा स्टॉल आणि अंधार! शेवटी संध्याकाळी सातला काम झालं, तोपर्यंत आसपासच्या सगळ्यांचे स्टॉल लावून झाले होते. तेव्हापासून सगळे कागद छापून फाइलमध्ये.

प्रश्न : मॅडम, मी फर्निचर आणि छोट्या घरगुती वस्तू डिझाइन करतो. मागच्या वर्षी एका प्रदर्शनात दोघांनी माझ्या स्टुलाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, माप पण घेतलं, आणि आता तेच स्टूल दुसऱ्या कुणाच्या नावावर ऑनलाइन दिसतंय. आता रजिस्ट्रेशन करता येईल का? पुढच्या वेळी फोटो काढू द्यायचे की नाही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वाचून खूप वाईट वाटलं, खरंच. रात्र-रात्र बसून काढलेला सांधा दुसऱ्याच्या कॅटलॉगमध्ये दिसला की पोटात काय होतं ते मला माहितीये.

पण जे आहे ते स्पष्ट सांगते. आपला डिझाइन कायदा २००० सालचा आहे आणि त्यात मुख्य अट अशी की अर्ज करायच्या दिवसाआधी ते डिझाइन भारतात किंवा बाहेर कुठेही लोकांसमोर आलेलं नसावं. प्रदर्शनात मांडलं म्हणजे लोकांसमोर आलं. इन्स्टाग्रामवर टाकलं तरी आलंच. कायद्याच्या कलम २१ मध्ये प्रदर्शनासाठी सवलत आहे पण ती सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांनाच, आणि तिथेही मांडण्याआधी डिझाइन नोंदणीच्या कंट्रोलरला कळवावं लागतं आणि मांडल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. मागच्या वर्षीचं म्हणताय, म्हणजे त्या स्टुलासाठी ती वाट जवळपास बंद आहे. एखाद्या जाणकार वकिलाला एकदा दाखवा, ड्रॉइंग्ज वगैरेवरून काही करता येतं का ते तो बघेल, मी वकील नाही. पण तिथे पण एक मेख आहे. ज्या डिझाइनचं रजिस्ट्रेशन होऊ शकत होतं आणि केलं नाही, त्याचे औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त नग निघाले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. त्यामुळे तुम्ही स्वतः किती स्टुलं बनवून विकलीत हे वकिलाला पहिल्यांदा सांगा.

पुढच्या वेळेसाठी मात्र सोपं आहे. स्टॉल बुक केला की त्याच आठवड्यात अर्ज. डिझाइनचं काम कोलकात्याच्या ऑफिसमधून चालतं, अर्ज ऑनलाइन होतो, स्वतःच्या नावाने करणाऱ्याला एका अर्जाची सरकारी फी १००० रुपये आहे, वकिलाची वेगळी. सगळ्या बाजूंचे स्वच्छ फोटो किंवा ड्रॉइंग्ज लागतात. मिळालं की दहा वर्षं, पुढे आणखी पाच वाढवता येतात. परदेशात जायचा विचार असेल तर भारतात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत तिकडे अर्ज केला तर इकडची तारीख धरतात. पण सगळ्यालाच मिळेल असं नाही, मी जर आपलं घंगाळ किंवा बंब जसाच्या तसा लहान करून दिवा म्हणून आणला तर तो आकार माझा नाहीच, तो आळीचा आहे, आणि असलाही पाहिजे. त्यात मी नवीन काय केलं तेवढंच माझं.

फोटोंचं म्हणाल तर मी सरसकट बंदी घालत नाही. खरा बायर पण फोटो काढतो, त्याला ऑफिसात दाखवायचं असतं. मी एवढंच करते, फोटो काढायला विचारलं की हसून कार्ड मागते आणि कार्ड वस्तूशेजारी ठेवून फोटो काढा म्हणते. ज्याला ऑर्डर द्यायचीये तो आनंदाने काढतो. माप घ्यायला टेप काढली तर मात्र मी सरळ नाही म्हणते.

प्रश्न : ताई, मी चोवीस वर्षांची आहे, मुंबईत शिकले. मिलानच्या सालोने सॅटेलाइटला अर्ज करावा असं स्वप्न आहे. वेडेपणा आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अजिबात नाही, कर! मिलानचा मूळ फर्निचर मेळा १९६१ पासून चालू आहे आणि सॅटेलाइट हा त्यातला तरुणांचा भाग मार्वा ग्रिफिन या बाईंनी १९९८ मध्ये सुरू केला, पस्तीस वर्षांच्या आतल्या डिझायनरांसाठीच. म्हणजे तुझ्या हातात अजून अकरा वर्षं आहेत. तिथे मी स्टॉल लावलेला नाही, २०२३ च्या एप्रिलमध्ये बघायला गेले होते कारण त्या वर्षी तिथे युरोल्युचे हे दिव्यांचं प्रदर्शन होतं, ते एक वर्षाआड असतं. बाकीचे हॉल बघून डोळे दिपतात पण माझे पाय परत परत सॅटेलाइटकडेच वळत होते. छोटे छोटे स्टॉल आणि प्रत्येकात ती वस्तू बनवणारा माणूस स्वतः उभा.

सावंतवाडीच्या मुलीला मी वर वीस नग बनव म्हटलं, तुला तसं म्हणणार नाही. कारण सॅटेलाइटला बहुतेक जण प्रोटोटाइप, म्हणजे पहिला नमुना, घेऊन जातात, शोध असतो तो डिझाइन घेऊन पुढे उत्पादन करणाऱ्या कंपनीचा. म्हणजे तिथे तू वस्तू विकायला नाही, विचार विकायला उभी असतेस. पण मग ती वस्तू कशी बनते, कुठल्या मटेरियलने, साच्याने की हाताने, हे तुला झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

सामान नेण्याचं मात्र आधीपासून बघ. परत आणायच्या वस्तूंसाठी एटीए कार्नेट नावाचा कागद असतो, आपल्याकडे तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते, एक वर्ष चालतो, त्यावर नेलेल्या मालावर तिकडे ड्यूटी भरावी लागत नाही, पण मग तो विकायचा नाही, सगळा परत आणायचा. आणि लाकडी खोक्याची गंमत ऐक. फ्रँकफर्टच्या अँबियंट या घरगुती वस्तूंच्या मेळ्याला मी एकदा गेले तेव्हा आमच्या गल्लीतल्या सुताराने इतकं सुबक खोकं करून दिलं की मला त्याचाच अभिमान वाटत होता, आणि मुंबईत एजंटने ते बघून कपाळाला हात लावला. निर्यातीच्या लाकडी पॅकिंगला उष्णतेची ट्रीटमेंट लागते, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान, तीस मिनिटं, आणि त्याचा शिक्का खोक्यावर हवा, कीड जाऊ नये म्हणून. शिक्का नसेल तर तिकडे माल अडवतात. दोन दिवसांत प्लायवुडचं खोकं केलं, प्लायला हा नियम नाही. सुताराला मी हे सगळं सांगितलं तर तो आता शिक्केवालं लाकूडच मागवतो.

दिवे नेणार असशील तर व्होल्टेज सारखंच आहे, २३०, पण प्लग वेगळा असतो, आणि विजेच्या वस्तूला सीई मार्क, म्हणजे ती युरोपच्या सुरक्षेच्या नियमांत बसते याची खूण, विचारतात.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको हातमागावर कुशन कव्हर, टेबल रनर करतो. गेल्या महिन्यात पहिल्यांदा मोठ्या प्रदर्शनात गेलो. चार दिवसांत एकही ऑर्डर नाही. सतरा कार्ड मिळाली फक्त. कर्ज काढून गेलो होतो. आता परत कधी जायचं नाही असं हे म्हणतात. तुम्हीच सांगा ताई.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. चार दिवस उभं राहणं, समोरून माणसं जाणं, कुणी नजर पण न वळवणं, आणि शेवटच्या संध्याकाळी त्याच घड्या परत त्याच खोक्यात घालणं. हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. मी पण केलंय. आमचा स्टॉल शेवटच्या रांगेत होता, समोर भिंत. परत येताना टेम्पोत मी एक शब्द बोलले नव्हते.

कर्ज आहे म्हणता, म्हणून लगेच परत जा असं मी अजिबात म्हणणार नाही. या वर्षी नकाच जाऊ. हप्ता आधी. पण सतरा कार्ड "फक्त" नाहीत, ते मला मान्य नाही. ट्रेड प्रदर्शनात जागेवर ऑर्डर देणारे कमीच असतात, नवीन माणसाला तर नाहीच देत, तो पुढच्या वर्षी तुम्ही परत दिसता का ते बघतो. माझ्याकडे नियमित घेणारं जे सगळ्यात जुनं दुकान आहे त्यांनी पहिल्या भेटीनंतर चौदा महिन्यांनी ऑर्डर दिली, आणि मधल्या काळात मी त्यांना चार मेल केले होते, तीनला उत्तर नव्हतं.

थोडं आठवून बघा दोघांनी बसून. लोकांचा हात आधी कुठे गेला? कापड घडी करून रचलेलं होतं की पसरलेलं? हातमागाचं कापड हाताला लागल्याशिवाय कळत नाही, आणि टेबल समोर आडवं लावून आपण मागे खुर्चीत बसलो की माणूस आत येतच नाही, ती चूक मी पहिल्या दोन प्रदर्शनांत केली. टेबल बाजूच्या भिंतीला लावायचं, समोर मोकळं, आणि आपण कडेला उभं राहायचं. भाव लिहिलेले होते का? बऱ्याच लोकांना विचारायला संकोच वाटतो, ते न विचारताच जातात.

आता ती सतरा कार्ड काढा. प्रत्येकाच्या मागे ते काय बोलले ते आठवेल तेवढं लिहा, "निळा रनर आवडला", "लांबी जास्त हवी", जे असेल ते. महिना झालाय, अजून उशीर झालेला नाही. प्रत्येकाला वेगळा मेल, त्याला जे आवडलं त्याचाच फोटो, घाऊक भाव, कमीत कमी किती आणि किती दिवसांत, एवढं चार ओळीत. सगळ्यांना एकच मेल पाठवू नका, तो लगेच ओळखू येतो. लांबी जास्त हवी म्हणणाऱ्यासाठी एक रनर तेवढ्या लांबीचा विणा आणि मागावर असतानाचा फोटो पाठवा. इंग्रजीची अडचण असेल तर मला कळवा, पहिला मेल आपण मिळून लिहू.